पाचवी खुर्ची

डुलूथला, चर्चच्या तळघरातल्या विक्रीत
वीस डॉलरला चार, आणि पाचवी फुकट,
एक पाय लंगडा म्हणून.
मार्लिस म्हणाली, घेऊ या.
लंगडीलाही घर लागतंच की.

गॅरेजात हीटर एकच, तोही तिच्याकडे तोंड करून.
स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने
गंजक्या पिना उपटत बसलो,
चारशेपर्यंत मोजल्या, मग नाद सोडला.

वरचं तपकिरी रेक्झिन निघालं,
खाली केशरी फुलं,
त्याखाली हिरवं काहीतरी, मखमलीच्या वंशातलं,
आणि अगदी तळाशी, भुगा झालेल्या स्पंजात,
वाळून खडा झालेला एक वाटाणा.
"कुणा पोरानं लपवला, आईचा डोळा चुकवून."
तिने तो फेकला नाही. खिशात टाकला.

कापड साडेतीन वार, निळं,
उरल्यासुरल्याच्या टोपलीतलं.
ती कोपरे ओढायची, मी स्टेपलर मारायचे,
एकदा अंगठ्यावर.
शिवी मात्र तिने दिली.

पाचवीला चिंधीही उरली नाही.
मार्लिस आत गेली,
लाइलचा लोकरी कोट घेऊन आली.
जाताना त्याने टेबल नेलं,
हा खुंटीवर राहिला.
कात्री पाठीतून सरळ गेली.
"गुंड्या ठेव," एवढंच मी म्हटलं.

रात्री पाच खुर्च्या मांडल्या,
मध्ये टेबलाएवढी मोकळी फरशी.
वाडगे मांडीवर घेऊन सूप प्यालो.
ती कोटावर बसली,
जरा जास्तच जोरात.
खुर्ची डुगडुगली.
"पायाखाली पुठ्ठा लावू?"
"नको," म्हणाली,
"सूप सांडलं तर बघू."