हाल

गवळीवाड्यावर वजनकाटा अडकवावा
असा वासा एकच, गोठ्याचा.
त्यालाच टांगली ठकूला,
खाली म्हैस रवंथ करत उभी.
काटा थरथरला, सातावर आला
आणि तिथंच बसला.
दोन वर्षं, वर एक महिना.

खानापुराहून आलेल्या डॉक्टरीणबाई
कार्डावर वाकल्या. कार्ड कानडी,
सोनाबाई येडगेला तर मराठीही वाचता येत नाही.
बाईंनी विचारलं, ‘कूसिग हाल?’
बाळाला दूध?
सोनाबाईनं पदर सारखा केला,
म्हणाली, ‘हाल? हाल तर हाइतच की बाई.’
बाईंनी मान डोलावली
आणि दुधाच्या चौकटीत
बरोबरची खूण केली.

दूध पहाटेच गेलं होतं.
दोन कॅन, फटफटीला दोन्ही बाजूंनी,
नाला ओलांडून बेळगावला.
रानात चराई बंद झाली तेव्हापासून
म्हैस पेंडीवर आहे.
पेंड दूधवाला देतो, उचल लिहून ठेवतो,
दूध त्या उचलीत वळतं होतं.
दुधाची पेंड, पेंडीचं दूध;
मधे एक वाटी उभी राहील
एवढी जागा कुणी सोडलेली नाही.
ठकू कोरा चहा पिते,
त्यात नाचणीची भाकरी बुडवून.
अंगणवाडीचं अंडं मिळतं,
पण ते नाल्याच्या अलीकडे,
आणि जून ते सप्टेंबर नाला कुणाचं ऐकत नाही.
थोरला बिरू गुरांमागं जातो,
नाहीतर कडेवर घेऊन आला असता.

मी अंगणवाडीची मदतनीस.
दोन्ही भाषा येतात म्हणून मला वर नेतात.
त्या वेळी मी ठकूला झोळीतून काढत होते,
तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावत होता.
सांगणारच होते,
बाई, तो आकार नव्हे, तो हुंकार होता.
पण जीप खाली हॉर्न देत होती,
अजून दोन वाडे राहिले होते,
आणि खोडलेलं कार्ड वर चालत नाही.

परवा भाचीचा साखरपुडा झाला.
शनिवार खुटावरून अर्धा किलो कुंदा आणला,
खरपूस, चांगला आटवलेला.
सगळ्यांना वाटला. मीही खाल्ला.

पुढच्या महिन्यात परत वजन आहे.
सोनाबाई विचारत होती,
वासा बदलायचा म्हणतोय मालक,
तोवर चालेल का म्हणून.