काठावरची अक्षरं

हातिमभाईंच्या दुकानात मी लागलो तेव्हा
'बाहेरचं' हा शब्द हळू आवाजात म्हणायचा असे.
बोहरी आळीत, गिऱ्हाईक आधी मांजरपाट बघायचं,
मग लठ्ठा, मग मागे रस्त्याकडे,
आणि मगच विचारायचं,
"ते... आलंय का?"

मी माळ्यावर चढायचो.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला जपानी जॉर्जेटचा तागा
बाळंतिणीचं मूल घ्यावं तसा
दोन्ही हातांवर घेऊन उतरायचो.
काठावरची सोनेरी अक्षरं आम्हाला कुणालाच वाचता येत नसत,
पण त्यांना कात्री लागू द्यायची नाही
हा भाईंचा नियम.
नाना पेठेतल्या पासलकर बाईंनी तर
लेकीच्या लग्नात घालायचा ब्लाउज
मुद्दाम अक्षरं पाठीवर येतील असा शिवून घेतला
आणि अख्ख्या मांडवाकडे पाठ करून बसल्या.

मग लायसन आलं. मग लायसनही गेलं.
न्हावाशेव्याहून कंटेनर यायला लागले,
भाई कस्टमच्या खिडकीशी उभे राहून राहून वाकले.
पाटीवर 'इम्पोर्टर्स' लिहिताना
रंगाऱ्याने 'र्ट' दोनदा पुसला.
तो डाग अजून आहे.

आता त्यांचा नातू मुर्तझा
उरुळी देवाचीला गोडाऊन घेऊन बसलाय.
पहाटे साडेपाचला ग्वांगझूच्या कुणा लिनबाईंशी बोलतो:
हा हिंदी बोलतो, फोन चिनी बोलतो,
मध्येच दोघं हसतात, तेवढंच त्यांचं स्वतःचं.
पण गिऱ्हाईक त्याच्यापाशीही थांबत नाही.
हडपसरला चौथ्या मजल्यावर
पोरी अंथरुणातूनच ढाक्याचा शर्ट मागवतात,
घालतात, फोटो काढतात,
नको म्हणतात.

ते 'नको' आमच्याकडे येतं.
भाई आणायचे. आम्ही परत घेतो.
मी वास घेतो: अत्तर, घाम, कुणाच्या घरची लसणाची फोडणी.
घडी, टाचणी, नवी पिशवी.
लोखंडी गजाला काम उरलं नाही,
त्याने गोडाऊनचं दार अडकवतो.

लेबलावर कापड एका देशाचं, शिलाई दुसऱ्याची,
नाव तिसऱ्याच कुणाचं.
मी म्हटलं, सूत इचलकरंजीचं आहे, माझ्या बोटाला कळतं.
मुर्तझा म्हणाला, काका, असेलही,
पण ते लिहायला जागा कुठाय?

काल एका शर्टाच्या काजात केस निघाला.
लांब, काळा, दोऱ्याबरोबरच शिवला गेलेला.
कुठली बाई, कुठल्या पाळीतली,
मान किती खाली घालून बसलेली.
ओढला असता तर काज उसवलं असतं.
कात्री हातात होती.

नाही लावली.
घडी घातली, पिशवी चिकटवली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
माल ठीक.