दवबिंदूच्या वर तीन अंश

हिद्दच्या गोदीत मी जहाजं नापास करतो.
पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या वर तीन अंश नसेल
तर मुकादम कितीही हात जोडो,
रंगाचा डबा उघडायचा नाही.
लोखंडाला फुटलेला घाम
नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.
माझ्या खिशातल्या यंत्राला दिसतो.

आज तेच यंत्र खोलीवर आणलंय
आणि दोन बाय दीड फुटाच्या कॅनव्हासला टेकवून बघतोय.
कॅनव्हास चोवीस, दवबिंदू सोळा.
चेरियन खाटेवरून हसतो:
परकार, हिला कुठल्या समुद्रात सोडणार?

गुरुवारी त्याचं विमान. कायमचं.
त्याला हवं होतं मेसचं टेबल.
मला नको काढूस, म्हणाला, माझा चेहरा घरी येतोच आहे.
म्हणून फक्त टेबल: फुलाफुलांचं मेणकापड,
खबुसाची चळत, लोणच्याची बरणी,
उचललेल्या ग्लासाखालचं ओलं वर्तुळ.
ॲक्रिलिक अर्ध्या तासात वाळतं म्हणतात.
वरून वाळतं.
ऑगस्टात इथे आतून कोण किती वाळलंय
ते सांगता येत नाही.
वार्निशाशिवाय बबल रॅपमध्ये गुंडाळलं
तर कोचीला उतरेपर्यंत
मेणकापडावर फुलांऐवजी फुगे उमटतील.

मनामाच्या दुकानात रोवेना नावाची बाई.
चकचकीत घेतलंस तर अंधार खोल दिसेल,
पण समोरची खिडकी चित्रात येऊन बसेल.
मॅट घेतलंस तर खिडकी येणार नाही,
काळ्यावर मात्र राख पडल्यासारखं वाटेल.
मी मधलं मागितलं.
सगळे शेवटी मधलंच मागतात, म्हणाली,
आणि दोन्ही बाटल्या हातात दिल्या. घरी मिसळ.

आधी जेलचा थर. दुधासारखा पसरतो,
आपण पुरते घाबरलो की मग पारदर्शक होतो.
हा कायमचा. रंगाचाच होऊन राहतो.
वरचं वार्निश निघणारं.
पन्नास वर्षांनी मळलं, पिवळं पडलं,
तर कोणीतरी टर्पेंटाईनचा बोळा फिरवील
आणि खाली टेबल आजचंच.
कोण, ते ठाऊक नाही. त्याच्यासाठी
मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं:
कुठलं वार्निश, किती थर, तारीख.
चेरियनने वाचलं.
निघणारं म्हणजे आपल्या व्हिसासारखं.
नाही रे, म्हटलं,
व्हिसाखाली जेल कुणी लावलं होतं?

बाटली हलवायची नाही, ढवळायची.
रुंद ब्रश, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि मागे वळून सुधारायला जायचं नाही.
रंगाऱ्यांना मी हेच रोज ओरडून सांगतो.
हात सुधारायला जातोच.

पहिला थर उभा. दुसऱ्या दिवशी दुसरा, आडवा.
पंखा बंद, धूळ नको. वर फ्रिजचं खोकं, पालथं.
रात्रभर आम्ही वासात झोपलो,
म्हणजे तो झोपला.

बुधवारी खोकं उचललं तर
उजव्या कोपऱ्यात, बरणीच्या खाली,
अंगठा.
वाळलं का बघत होतो, म्हणाला,
आणि आमटी सांडलेल्या पोराचं तोंड केलं.

गोदीत असतं तर अख्खा पट्टा खरवडायला लावला असता.
मी भिंग आणलं.
भोवरा, त्याभोवती रेषांची दाटी,
मधून गेलेली वेल्डिंगची जुनी चीर,
जिच्यामुळे इमिग्रेशनचं यंत्र त्याला
दरवेळी पुन्हा पुन्हा दाबायला लावायचं.

पास, म्हणालो.
मागे आणखी एक ओळ घातली:
पुसताना उजवा कोपरा सोडणे.

बबल रॅप त्याने घेतलाच नाही.
विमानतळावर काचेपलीकडे गेला तेव्हा
चित्र दोन्ही हातांत होतं, रंगाची बाजू स्वतःकडे,
शर्टाला लागू नये म्हणून वीतभर लांब धरलेलं.
वळून मान हलवली. हात मोकळा नव्हता.
मला दिसत होतं ते माझंच अक्षर,
पेन्सिलीचं,
तेही इतक्या लांबून वाचता येत नव्हतं.