अर्धसमास

आमच्या चौकशीच्या कागदाला मधोमध घडी असते.
डावीकडे आम्ही विचारायचं,
उजवीकडे त्यांनी सांगायचं.
बहुतेकदा उजवी बाजू कोरीच परत येते,
नाहीतर तिच्यावर दोन शब्द असतात : नोंद घेतली.

खारवेळच्या मच्छीमार महिला संस्थेत
वीज नव्हती. शेवंती कुबल, खजिनदार, चौथी पास,
एकेक प्रमाणक पुढे सरकवत होत्या,
ताटात वाढल्यासारखं, न बोलता.
क्रमांक सतरा : चार हजार तीनशे, होडीभाडं,
वाळू, खडी, सिमेंट.
तारखेच्या रकान्यात तारीख नाही.
लिहिलंय, 'अष्टमी, भांगाची भरती'.
खाली अंगठा, आणि तिकिटाच्या जागी
तांबोशीचा एक खवला,
वाळून काचेसारखा.

मी लिहिलं : दिनांक नाही. महसुली तिकीट नाही.
खवल्याबद्दल नियमात काही नाही.

होडी कुणाची?
"बाबल्याची."
बोलवा त्याला.
"गेलो."
कुठे?
त्यांनी हनुवटीने समुद्र दाखवला,
आतली खोली दाखवावी तसा.

मग मोजमाप. सुकवणीचे ओटे मंजूर बारा,
प्रत्येकी साडेचाळीस हजार,
एकूण चार लाख शहाऐंशी.
टेपचं एक टोक त्यांनी धरलं,
दुसरं मी, बोंबलांच्या वासात नाक मुरडत.
ओटे भरले अकरा.
बारावा कुठे?
तिथे पाखाडी होती. चिऱ्याची, ताठ,
होड्या लागतात तिथपासून वर ओट्यांपर्यंत.
"मासळी वर नेतली कशी? उडान?"
मी पायऱ्या मोजल्या. तेवीस.
लिहिलं : निधी अन्यत्र वळविला,
पूर्वमंजुरी आढळून येत नाही, वसूलपात्र.

परतताना एसटीत
मागचा महिना आठवला, पलीकडच्या खाडीतला.
तिथे फाईल अशी होती की पान उलटताना आवाज व्हावा.
तारीख, तिकीट, शिक्का, विनियोग प्रमाणपत्र,
उद्‌घाटनाचा रंगीत फोटो.
शहाळं पाजलं होतं त्यांनी.
मी किनाऱ्यावर गेलोच नव्हतो.
ऊन फार होतं, असं आता म्हणता येईल.

पंधरा दिवसांनी कागद परत आला.
घडीवर मीठ धरलेलं.
उजवी बाजू भरलेली होती, पेन्सिलीने,
ओळी वर चढत गेलेल्या :

'बाबल्याची सही आता आणता येणार नाही.
त्याच्या बायकोस विचारा, पैसे तिच्या हाती दिले.
ओटा बांधला नाही हे खरे.
पायऱ्या तुम्ही तेवीस लिहिल्यात.
चोवीस आहेत.
एक पाण्याखाली असते.
ओहोटीला या.'

परिच्छेद अजून निकाली काढलेला नाही.
साहेब विचारतात, काय अडलंय?
मी म्हणतो, प्रत्यक्ष पडताळणी बाकी आहे,
आणि टेबलाच्या काचेखाली,
सुट्ट्यांच्या यादीशेजारी,
भरती-ओहोटीचं कोष्टक सरकवतो.