इतर

दर मार्चमध्ये मी अहवाल लिहिते.
निधी कुठून आला ते त्यांना ठाऊक असतं,
कुठे गेला ते मी सांगायचं.

येतो तो असा.
कुणी घर विकतं, कुणी घेतं,
आणि मधल्या काही रात्री ते पैसे
वकिलाच्या खात्यात टेकतात,
धर्मशाळेत वाटसरू टेकावा तसे.
त्या रात्रींचं व्याज
विकणाऱ्याचं नाही, घेणाऱ्याचं नाही,
वकिलाने तर त्याला शिवायचंही नाही.
पाखरू उडून गेल्यावर
फांदी जराशी हलत राहते,
तेवढंच ते.

थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
तळं आमच्याकडे आधीपासूनच आहे, सुपीरियर,
पलीकडचा काठ दिसत नाही इतकं.
त्याच्या अलीकडे, बंद पडलेल्या धान्यकोठारांसमोर,
न्हाव्याच्या दुकानावर आमचं केंद्र.
तीन खुर्च्या, एक कुरकुरता हीटर
आणि मर्लीन वाबासी,
कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला.
तिची फीसुद्धा त्या हलत्या फांदीतूनच येते.
तिच्या गावाला रस्ता फक्त हिवाळ्यात असतो,
तळी गोठली की.
मुदत म्हणजे काय
हे तिला शिकवावं लागलं नाही.

जानेवारीत आइली कोस्केला आल्या.
वय एक्याऐंशी.
पावाच्या पिशवीत घडी घातलेली नोटीस,
तिला राईच्या पिठाचा वास.
इमारत नव्या मालकाने घेतली होती,
त्याला भिंती पाडून नव्या उभारायच्या होत्या,
आणि भिंतींच्या आत माणसं होती.
"मला काही नको," त्या म्हणाल्या,
"हे खरं आहे का, एवढंच वाचून सांगा."

मर्लीनने वाचलं.
बोटांवर दिवस मोजले,
मग उलटे मोजले.
एक दिवस कमी होता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
आइलीबाई चढल्याच नाहीत,
पायरीच नव्हती,
सुनावणी फोनवर.
चाळीस मिनिटं तोच तो पियानो ऐकत
त्या चांगला कोट घालून बसल्या होत्या.
पियानो थांबला की उभ्या राहायच्या.
दोनदा नुसत्याच उभ्या राहिल्या.

नोटीस रद्द झाली.
मालक दुसरी काढेल,
या वेळी दिवस नीट मोजून.
मग मिळालं काय?
एक उन्हाळा.
खिडकीतल्या जिरेनियमला पुन्हा एकदा फुलायला वेळ.
अर्जात रकाने तीनच आहेत:
जिंकले, हरले, इतर.

फाईल बंद करताना एक कागद हाती आला,
त्याच इमारतीच्या विक्रीचा.
पैसे पाच रात्री वकिलाच्या खात्यात होते.
पाच रात्री.
मी हिशेब केला नाही.
करायला हवा होता का, तेही कळत नाही.
ज्या सौद्याने त्यांना दाराबाहेर काढायचं ठरवलं
त्यानेच, स्वतःला पत्ता न लागू देता,
मर्लीनच्या एखाद्या दुपारचे पैसे भरले होते.

परवा बँकेने व्याजदर उतरवले.
खालचा न्हावी खूश, त्याच्या घराचा हप्ता हलका झाला.
मी त्याचं अभिनंदन केलं, मनापासून.
वर आले तर टेबलावर पत्र:
पुढच्या वर्षी
दोन खुर्च्यांपुरतंच.
मर्लीनला अजून सांगितलेलं नाही.
तिने बहुतेक दिवस मोजलेच असतील.

काल आइलीबाई आल्या,
तीच पिशवी घेऊन.
आत पाव होता, अजून गरम.
अशिलाकडून भेट घ्यायची नाही, असा नियम आहे.
मर्लीनने तो काढून वाचून दाखवला,
कलम, उपकलम, सगळं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं
आणि सुरी मागितली.