अर्धा तांब्या

इनासने बॉनेट नीट उघडलंही नाही.
"कूलिंग कॉइल," म्हणाला, "अकरा हजार."
मग माझ्यासाठी चहा मागवला,
म्हणजे खरोखरच अकरा.

कुडचड्याहून परतलो चारही काचा खाली करून,
मे महिना तोंडावर घेत.

रविवारी गाडी फणसाखाली लावली.
फणस पडेल, असं आई दोनदा सांगून गेली,
तिसऱ्यांदा स्वतःच वर बघत उभी राहिली.

पुढची जाळी काढली तर आत खाण.
खाण कधीची बंद, ट्रक भंगारात गेलेले,
पण कंडेन्सरच्या पात्यापात्यांत तांबडी धूळ
हक्काच्या जागेवर बसावी तशी बसलेली.
दात घासायच्या ब्रशने काढली.
बादली ओतताना बाबांची खाणीवरची चोवीस वर्षं आठवली,
छे, वर्षं नाहीत, त्यांचा टॉवेल आठवला,
कितीही धुतला तरी तांबूसच वाळणारा.

साबणाचा फेस सांध्यांना लावत गेलो.
आत उरलासुरला दाब होता, तेवढ्यावर
तिसऱ्या सांध्याशी एक बुडबुडा आला,
मोहरीएवढा, मग मुगाएवढा, मग फुटला.
पुन्हा आला.
अकरा हजार तिथून चालले होते.
रबराची हिरवी कडी तडकलेली,
करंगळीतही जाणार नाही एवढीशी.
नवी पंधरा रुपयांना.

आता पोकळी हवी.
गॅस भरण्याआधी आतली हवा,
हवेतला दमटपणासुद्धा, ओढून काढावा लागतो.
ओढणारा पंप माझ्याकडे कुठला?
पण आमच्या घरात एक मेलेला फ्रीज आहे.
हल्ली तो तांदूळ, पापड, आमसुलं
आणि विजेची बिलं सांभाळतो.
त्याच्या पाठीचा काळा गोळा
कुणी काही विचारलंच नाही म्हणून गप्प होता.
कापून बाहेर काढला, नळी जोडली,
खिडकीतून वायर ओढून बटण दाबलं.

घुर्रर्र, मध्येच एक उचकी, पुन्हा घुर्रर्र.
लहानपणी रात्री पाणी प्यायला उठलो
की अंधारात हाच जागा असायचा.

आई आतून दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आली.
दाराशी थांबली.
पातेल्याकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं.
"हा जिवंत होता?" म्हणाली,
आणि मला उगाच पकडल्यासारखं झालं.

काटा शून्याखाली उतरत उतरत
उणे तिसाजवळ टेकला.
पंप बंद. आता अर्धा तास नुसतं बघायचं.
काटा हलला नाही तर कुठे गळत नाही.
आम्ही दोघं पायरीवर बसून
काहीच न होण्याची वाट बघू लागलो.
"त्याच्या दारातल्या खणात," आई म्हणाली,
"बाबांच्या इन्सुलिनच्या बाटल्या असायच्या.
तुझी बिलं असतात ना, तिथे."
मी काट्याकडे बघितलं.
काटा हलला नाही.

मग गॅसची बाटली, निळी नळी, इंजिन चालू.
टक्. क्लच धरला.
जाड पाइपावर घाम आला,
झरोक्यातून आधी वाळक्या पानांचा वास,
मग माझ्या मनगटावर गार वारा.
"ये, बसून बघ," मी हाक मारली.

ती बसायला आलीच नाही. वाकून गाडीखाली बघत होती.
"पुता, गळतंय रे!"
"गळायलाच हवं. हवेतलं पाणी ते."
"हवेतलं?"
नळाला शुक्रवारपासून थेंब नव्हता,
अंगणात अबोलीने माना टाकल्या होत्या.
ती आत गेली, तांब्या घेऊन आली,
गुडघ्यावर हात टेकून खाली बसली
आणि बरोबर थेंबाखाली तो सरकवला.

टण. टण.
पाच मिनिटं झाली, दहा झाली.
मी डिझेलच्या काट्याकडे बोट दाखवलं.
"बंद करू नको," ती म्हणाली,
"अजून अर्धा तांब्या व्हायचाय."