हितून हितपतूर

उदगीरच्या मोंढ्यात दुपारचे अडीच,
हमाल जेवायला गेलेले,
तुरीच्या कट्ट्यांवर लॅपटॉप ठेवून
मी बटणांना कामं वाटत बसलेय.

एक मागं जायला, एक पुढं,
आणि एक असं, की एका शेतकऱ्याची
पहिल्या मापापासून शेवटच्या मापापर्यंतची
अख्खी पट्टी एका दमात निवडावी.
माऊस इथं टिकत नाही,
चार दिवसांत त्याच्या पोटात भुसा.

'वहीत कसं निवडताव, अप्पा?'
बसलिंगअप्पा मुनिमांनी बोट जिभेला लावलं,
पान उलटलं, डावा अंगठा
'हणेगाव, तीन कट्टे' वर दाबून धरला
आणि उजवं बोट खाली ओढत नेलं,
ओळ, ओळ, ओळ,
जरा जास्तच गेलं,
एक ओळ माघारी आलं.
'हितून हितपतूर.'
डावा अंगठा हललाच नव्हता.
पुण्याच्या ऑफिसात यावर
अडीच तास मीटिंग झाली होती.

मग अक्षरं. म मागचा, प पुढचा.
मराठी कीबोर्डवर म डाव्या अंगाला, प उजव्या,
जणू कुणी आधीच माझ्यासाठी मांडून ठेवलेले.
शाहीननं, जिला हे दिवसभर बडवायचंय,
दोनदा दाबून बघितलं.
'चांगलंय. पण घरी अब्बांच्या दुकानाचा हिशेब
मी उर्दूत लिहिते.
तिथं पुढं म्हणजे डावीकडं.
संध्याकाळी घरी गेले की बोट चुकणार,
सकाळी इथं आले की परत चुकणार.'

मी गप्प.
इतकी वर्षं उद्या उजवीकडंच असतो
असं धरून चालले होते.

अप्पा वहीला दोरी गुंडाळत म्हणाले,
'मंग वरखाली ठिवा की.
खालची वळ
समद्यांचीच खाली ऱ्हातीय.'

म गेला, प गेला.
बाण राहिले, आणि शिफ्ट,
ज्यावर शाहीननं
नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला,
अंगठ्याच्या जागी.

मी निवड सुरू केली. अकरा ओळी. बारा.
'ताई, उठा, ह्योच कट्टा गाडीत टाकायचाय.'
लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिले,
डावी करंगळी
ठिपक्यावर तशीच दाबलेली.